तलावाखालची ज्वारी

माझं माहेर घुग्घुसचं. तिथं हिरवा रंग पाहायचा तर कुणाच्या तरी दाराला दिलेला पाहायचा. झाडांनी तो कधीच सोडून दिलाय. कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने यांच्यामध्ये जे काही उगवतं ते राखाडीच उगवतं. त्यामुळे लग्न होऊन गोंडपिपरीच्या पुढच्या या जंगलाकाठच्या गावात आल्यावर मी गवताबद्दल पहिल्यांदा तोंड उघडलं, तेव्हा सासरचे सगळे हसले. गोठ्यातल्या म्हशी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांच्याशी माझं तेव्हापासून बरं जमतं.

गाव धानाचं. धान उभा असतानाच बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांमध्ये, लाखोळी फेकायची, ती ओलीवर वाढते, मग तिची डाळ माणसांना आणि भूस गुरांना. हे भूस होळीपर्यंत कसंबसं पुरतं. त्यानंतर उरते तणस, म्हणजे धानाचा वाळलेला पेंढा. तणसीनं गुराचं पोट फुगतं आणि मालकाला ते भरल्यासारखं वाटतं. दोघांचंही समाधान. इकडे वसंत ऋतू म्हणतात तो असा असतो: जंगलात पळस पेटल्यासारखा लाल होतो, मोहफुलं टपटप गळतात, शहरातून लोक फोटो काढायला येतात, आणि गावातल्या गायींच्या फासळ्या मोजता येतात.

एरवी आमची सगळी भिस्त जंगलावर. गावाचा एक ढोरकी होता. सकाळी तो घरोघरची गुरं गोळा करून जंगलात न्यायचा आणि दिवस कलला की परत आणायचा. त्या वर्षी थंडी सरताना वाघानं त्याच्या डोळ्यांदेखत एक गाय धरली. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं आपली काठी आणून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ठेवली.

"वाघानं गाईले पायलं," तो म्हणाला, "मंग मले पायलं, मंग पुन्हा गाईले पायलं. पुढल्या खेपेले तो काय निवडन, हे पाहाले मी जात नाई."

जंगलाच्या वाटेवर एक पाटी लागली, पुढे वाघ आहे म्हणून. आम्हाला ते ठाऊकच होतं. वाघाला वाचता आलं असतं तर त्याच्या बाजूनंही एक लावता आली असती, पुढे गाव आहे म्हणून. म्हणजे दोघंही सावध राहिले असते.

मग गावाला गायरानाची आठवण झाली. आमचं गायरान कागदावर भलंमोठं आहे. प्रत्यक्षात ते दरवर्षी थोडं लहान होतं, कारण पावसाळ्यात प्रत्येकाच्या वावराचा धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, थोडा सरकतो आणि नवल असं की तो नेहमी गायरानाच्या दिशेनंच सरकतो. उरलेल्या जागेत तरोटा आणि घाणेरी. या दोन्ही वनस्पतींचा मोठा गुण म्हणजे त्यांना कुठलंच जनावर तोंड लावत नाही, त्यामुळे आमचं गायरान लांबून कायम हिरवंगार दिसतं. तपासणीला आलेला माणूस खूश होऊन जातो.

यावर सभा झाली. सभेत शेवटचं बोलणं नेहमी माझ्या भासऱ्यांचं असतं, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मोठ्या चुलत भावाचं. मी त्यांना भाऊजी म्हणते. गावात सगळ्यात जास्त बांध्या त्यांच्या, सगळ्यात जास्त गुरं त्यांची, आणि गायरानाच्या बाजूला सरकणारे सगळ्यात चपळ धुरेही त्यांचेच. ते उभे राहिले, उपरणं झटकलं आणि म्हणाले, "गायरान सगळ्याईचं हाये. म्हणून तलावाखालचा तुकडा बंद करा. तिथं पाझर हाये, चारा पिकवा. एकही ढोर आत जाणार नाई. कापून आणाचा आन् घरी टाकाचा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग प्रश्न आला की हे करणार कोण. सगळे आपापल्या चपला शोधायला लागले. मग भाऊजींनाच सुचलं की महिलांच्या बचत गटानं करावं. महिला सक्षम व्हायला हव्यात, असंही ते म्हणाले. आमच्या गावात महिलांना सक्षम करण्याची वेळ नेमकी फावडं उचलायच्या वेळी येते.

गटाची अध्यक्ष मी होते. ज्या दिवशी निवड झाली त्या दिवशी मी माहेरी गेले होते, त्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही. आणि सचिव होती भाऊजींचीच बायको, माझी मोठी जाऊ. उंच, कमी बोलणारी. तिच्या गोठ्यात एक काळीभोर म्हैस होती, ती तिनं रेडकू असल्यापासून स्वतः वाढवलेली. त्या म्हशीला दीडेक वर्षाची पारडी होती, सारखी आईच्या अंगाला घासून उभी. घरातली बाकीची गुरं भाऊजींची, ही दोन माझ्या जावेची. असा कायदा कुठं लिहिलेला नव्हता, पण भाऊजींनाही तो माहीत होता.

महाशिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा झाली की आम्ही कामाला लागलो. जत्रेहून सगळं गाव दमून आलं होतं, त्यामुळे मदतीला कुणी येऊ शकलं नाही. तरोटा उपटला, घाणेरी खणली, काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं. गोंडपिपरीहून जनावरांचे डॉक्टर आले. तरुण माणूस, मोटारसायकलवर धुळीनं पांढरा झालेला. त्यांनी चाऱ्याच्या ज्वारीचं बियाणं मिळवून दिलं आणि कडेला थोडा मका लावायला सांगितला. जाताना मोटारसायकलला किक मारली, मग पुन्हा बंद केली आणि म्हणाले, "एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही ज्वारी कमरेच्या वर जाऊन निसवेपर्यंत, म्हणजे कणसं बाहेर येईपर्यंत, एक पानही गुरांना द्यायचं नाही. कोवळी असताना तिच्यात विष असतं. त्यात पाणी कमी पडून सुकली आणि पुन्हा फुटली, तर आणखी जास्त. थोडी खाल्ली तरी जनावर आडवं होतं. मग मला बोलावून उपयोग नाही."

मी हे सगळ्या गावाला सांगितलं. सभेत सांगितलं, पाण्याच्या टाकीवर सांगितलं, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं. परिणाम असा झाला की ज्यांना आतापर्यंत त्या ज्वारीत काही रस नव्हता त्यांनाही ती फार चांगली असणार असं वाटायला लागलं.

"विष हाये म्हणे," भाऊजी पारावर म्हणाले. मी पलीकडून पाणी घेऊन जात होते, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. "कोवळा लुसलुशीत चारा, आन् विष! ढोरं काय येडी हायेत? गटाच्या बायाईले एकट्याईले पाहिजे, दुसरं काई नाई."

त्यांचा तरी दोष कसा म्हणू? ही पद्धत आमच्याच घरानं गावात पाडली होती. माझ्या सासूबाईंच्या परसातली मेथी कुणी तोडू नये म्हणून त्या दर हिवाळ्यात गल्लीत ओरडून सांगतात, "औषध फवारलं हाये वो, खाऊ नोका!" आणि संध्याकाळी तीच मेथी आमच्या ताटात. सगळ्या गावानं ही युक्ती उचलली आहे. वांग्यांवर औषध, पेरूवर औषध, शेवग्याच्या शेंगांवर औषध. ऐकून घेतलं तर वाटेल की आमच्या गावात खाण्यासारखं काही उगवतच नाही. मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, तुमच्यामुळं माझं खरं कुणी ऐकत नाही."

"खरं कायले सांगाचं मंग?" त्या म्हणाल्या. "वाघ बसते तिथं, म्हणून सांगाचं."

ज्वारी मात्र उगवली. तिला गावातलं राजकारण माहीत नव्हतं. ओळीत, टवटवीत, सकाळी बघितली की डोळ्यांना गार वाटायचं. माझी जाऊ रोज पहाट फुटली की तिथं असायची. तलावाच्या पाटातून पाणी वळवायची, वाफा भरला की दुसऱ्या वाफ्याला लावायची. तिला पाणी देताना बघणं मला आवडायचं. फावड्याचा एक फटका, की पाणी सांगितल्यासारखं वळायचं.

सगळ्यात आधी कुंपण गेलं. होळीला सगळ्या गावात लाकडं शोधत फिरायचं कष्ट कुणी घेतलं नाही, कारण आम्ही ती आयती रचून ठेवली होती. आमचं काटेरी कुंपण चौकात मोठ्या ज्वाळेनं पेटलं, सगळ्यांनी त्याला नारळ वाहिला. त्या दिवशी बोंब मारायची परवानगी असते म्हणून मीही मनापासून मारली. सणात खपून गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा फांद्या तोडायला गेलो. या वेळी बाभळीच्या आणल्या आणि जळणार नाहीत एवढ्या ओल्या आणल्या.

मग पाणी गेलं. एका सकाळी पाटात पाणीच नाही. बांधावर चढून बघितलं तर तलावाच्या दुसऱ्या काठाला नवी मोटार बसलेली, आणि जाड पाइप थेट भाऊजींच्या बांध्यांपर्यंत. त्यांनी त्या वर्षी उन्हाळी धान लावला होता. तलावातलं पाणी पाटाच्या तोंडाखाली उतरलेलं. त्यांच्या बांध्या मात्र आरशासारख्या चमकत होत्या, बगळे उतरले होते, दृश्य मोठं सुंदर होतं.

मी त्यांच्याकडे गेले. ते ओट्यावर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते.

"भाऊजी, तलावाचं पाणी गटाच्या चाऱ्यासाठी ठरलं होतं."

"तलाव सगळ्याईचा हाये," ते म्हणाले.

"तेच म्हणते मी."

"मंग मी त्या सगळ्याईत येत नाई का?"

भाऊजींशी बोलताना हीच पंचाईत होते. जे सगळ्यांचं असतं त्यात ते असतात, आणि जे त्यांचं असतं त्यात बाकीचे नसतात. आतून माझी जाऊ ऐकत होती. भांडी घासण्याचा आवाज थांबला होता. मी परत निघाले तेव्हा तो पुन्हा सुरू झाला, पण जरा जोरात.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मोठा भाऊ हाये." हे तो गेली सगळी वर्षं म्हणतो आहे. पूर आला तरी तो बहुधा हेच म्हणेल.

ज्वारी सुकायला लागली. पानं वळून सुरळीसारखी झाली, शेंडे पिवळे पडले. आम्ही बोअरवेलवरून घागरीनं पाणी टाकायचा प्रयत्न केला. एवढ्या उन्हात घागरीनं ज्वारी जगवायची म्हणजे हत्तीला चमच्यानं भरवण्यासारखं होतं, पण काही ओळी जगल्या. मग अवकाळीचा एक शिंतोडा आला आणि सुकलेल्या बुंध्यांतून नवे पोंगे फुटले. कोवळे, पोपटी, हाताला रेशमासारखे लागणारे. मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. मी पुन्हा भोंग्यावरून सांगितलं, आता तर अजिबात आत गुरं सोडू नका. ऐकणाऱ्यांना कळलं की चारा आता ऐन चवीला आला आहे.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. उन्हामुळे रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी पडवीत पडले होते. दाराशी भाऊजी आले. धावत आले होते, पायात चप्पल नव्हती. त्यांना धावताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"काय केलं तुमी त्या चाऱ्याले?" ते ओरडले. "माह्या म्हशी पडून राह्यल्या!"

मला कळायला एक क्षण लागला. म्हणजे म्हशी ज्वारीत होत्या. म्हणजे कुंपण कुणीतरी उघडलं होतं. आणि आमचं कुंपण बाभळीचं, म्हशीनं तोंडानं उघडण्यासारखं नव्हतं.

"आत कोणी सोडलं त्यांना?" मी विचारलं.

"ते मंग पाहू ना!" ते म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एखाद्या गोष्टीचं शेवटचं बोलणं पुढं ढकललं.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते शेजारच्या गावात लसीकरणाला आले होते, हे आमचं नशीब. मी येईपर्यंत गूळपाणी पाजा, म्हणाले. मग गुळाची ढेप घेतली, पाण्याची बादली घेतली आणि पळत सुटले. सासूबाई मागून ओरडत होत्या, "चप्पल घाल वो, चप्पल!"

ज्वारीत भाऊजींची पाच-सहा गुरं शिरलेली होती. बैल नुकते आत आले होते, त्यांना माझ्या नवऱ्यानं काठीनं बाहेर हाकललं. मोठा भाऊ हाये, असं तो त्या वेळी म्हणाला नाही. काळी म्हैस मधोमध उभी होती. उभी म्हणजे पाय फाकवून, कशीबशी. तोंडातून फेस, नाकपुड्या फुगलेल्या, श्वास असा की जणू कुणी भाता मारतंय. आणि तिच्या पायाशी पारडी आडवी पडलेली. तिचे पाय अजून झटके देत होते. डोळे उघडे.

माझी जाऊ तिच्या डोक्याशी बसली होती. तिला कुणी बोलावलं माहीत नाही. तिनं पारडीचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि पदरानं तिच्या तोंडावरचा फेस पुसत होती. मी गूळपाणी पुढं केलं. तिनं मान हलवली.

"हिले राहू दे," ती म्हणाली. "म्हशीले पाज."

आम्ही म्हशीला पाजायचा प्रयत्न केला. अर्धं तिच्या तोंडात, अर्धं आमच्या अंगावर. ती गुडघ्यांवर आली. तेवढ्यात डॉक्टरांची मोटारसायकल थेट वाफ्यांतून आली. त्यांनी बॅग उघडली, मानेची शीर शोधली, सुई घातली. माझा नवरा म्हशीचं डोकं धरून होता, भाऊजी दावं धरून. इंजेक्शन हळूहळू आत गेलं. डॉक्टर पारडीकडे वळले, तिच्या डोळ्याला बोट लावलं आणि बोट मागं घेतलं.

त्यानंतरचा वेळ कसा गेला, आठवत नाही. ऊन होतं आणि आम्ही सगळे म्हशीकडे बघत होतो. मग तिचा श्वास सैल झाला. तिनं कान हलवले. एका माशीसाठी कान हलवले, आणि माझी जाऊ रडायला लागली.

भाऊजींनी घसा साफ केला. "डॉक्टर साहेब," ते म्हणाले, "हे असं विषारी बियाणं तुमी बायाईले कसं देऊन राह्यले?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. तो तरुण माणूस बरंच काही बोलू शकला असता. पण त्याला बोलायची गरज पडली नाही. माझी जाऊ उठली. तिच्या लुगड्याला माती, फेस, गूळ. ती नवऱ्यासमोर उभी राहिली. ती त्यांच्यापेक्षा उंच आहे, हे मला तोवर जाणवलं नव्हतं, कारण ती त्यांच्यासमोर नेहमी वाकून काहीतरी करत असायची.

"सकाळी मी सांगतलं होतं," ती म्हणाली. "काल सांगतलं होतं. पाणी तोडलं तवाच सांगतलं होतं का ज्वारी आता आणखीन विखारी होईन. तुमी म्हणले, बायाईचं काय आयकाचं."

"अवो, पण..."

"पाणी तुमीच तोडलं. कुंपण तुमीच उघडलं. पारडी माही मेली."

एवढंच बोलून ती निघाली. आम्हाला वाटलं घरी चालली. ती तलावाच्या बांधावर चढली, पलीकडं उतरली, मोटारीच्या पेटीपाशी गेली, मोटार बंद केली आणि तिचा फ्यूज काढला. पदराच्या टोकात गाठ मारून बांधला. मी मागोमाग बांधावर चढले होते, लांबूनही ते स्वच्छ दिसत होतं. मोटारीची घरघर थांबल्यावर एवढी शांतता झाली की तलावातले बगळे उडाले.

भाऊजी तिच्यामागं गेले नाहीत. मला वाटतं त्यांना पहिल्यांदा जरा भीती वाटली असावी. मला ते बघून बरं वाटलं, आणि लगेच पारडीकडे नजर गेली आणि काहीच बरं वाटेना.

पारडी तिनं गायरानाच्या कडेला पुरली. खड्डा भाऊजींनी खणला. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. ते घामानं निथळत होते आणि एकदाही थांबले नाहीत.

फ्यूज बरेच दिवस तिच्या पदरात होता. नवा फ्यूज बाजारात मिळतो, हे भाऊजींना नक्कीच माहीत होतं. ते बाजाराला गेले, भाजी घेऊन आले. त्यांच्या उन्हाळी धानाची टोकाकडची बांधी वाळली. पाटात पाणी आलं. माझी जाऊ पुन्हा रोज पहाटे तिथं फावडं घेऊन, आणि तिची म्हैस पाटाच्या पलीकडे, मजबूत दाव्यानं बांधलेली. ज्वारी भराभर वर गेली. गुडघा, कंबर, छाती. मग कणसं बाहेर आली. डॉक्टर येऊन बघून गेले, म्हणाले, आता काहीच भीती नाही, कापा, कुट्टी करा, तणसीत मिसळून घाला.

आणि आता नवाच पेच. ज्वारी तयार, गुरं उपाशी, आणि एकही माणूस पेंढी न्यायला तयार नाही.

जेव्हा विष होतं तेव्हा कुणाचा विश्वास नव्हता. आता नव्हतं, तर सगळ्यांचा बसला होता. भोंग्यावरून मी सांगितलं, चारा चांगला आहे, घेऊन जा. लोक ऐकायचे आणि मान हलवायचे. "पहिले तूच म्हणे का विष हाये," एकजण मला म्हणाला, "आता तूच म्हणून राह्यली नाई. बाई, एक काईतरी ठरव." लोक आपल्या गुरांना त्या वाटेनं नेईनासे झाले. ज्या जागेचं रक्षण करायला आम्ही बाभळी तोडून मेलो, तिथं आता कुंपण नसतं तरी चाललं असतं.

शेवटी एका सकाळी मी आमची म्हैस सोडली आणि चौकात आणून बांधली. समोर ज्वारीची ताजी कुट्टी ओतली. गाव गोळा झालं. असं गोळा ते सभेला कधी होत नाही. कुणी खुर्ची आणली. कुणी चहा सांगितला. म्हैस खायला लागली आणि सगळे तिच्या पोटाकडे बघू लागले.

सासूबाई गर्दीतून पुढं आल्या. "माही म्हैस हाये," त्या मला म्हणाल्या. "मेली तं तुले घुग्घुसले परत पाठवन." आणि माझ्या बाजूला जमिनीवर बसल्या, म्हशीच्या पायाला हात लावून.

म्हैस खात राहिली. तिला एवढ्या लोकांचं काहीच वाटत नव्हतं. सगळं संपवलं, टोपलीचा तळ चाटला, मग शेण टाकलं आणि रेकली, आणखी द्या म्हणून. आम्ही आणखी दिलं. थोड्या वेळानं ती खाली बसली. चौकात एकदम खळबळ उडाली, "बसली, बसली!" मागचे पुढं सरकले. ती रवंथ करायला बसली होती. काहीजण निराश झालेले मला स्पष्ट दिसले. एकानं चहाचा कप खाली ठेवला आणि घरी गेला.

त्या दुपारपासून पेंढ्यांसाठी रांग लागली. आधी कोण यावर भांडणं झाली, ते बघून मला हायसं वाटलं. गाव ताळ्यावर आलं होतं. वाटप माझी जाऊ करायची. तिच्यासमोर कुणी आवाज चढवायचा नाही. भाऊजीही रांगेत उभे राहायचे, उपरणं डोक्यावर घेऊन, आपल्या पाळीची वाट बघत. पाळी आली की ती त्यांना पेंढी द्यायची, बाकीच्यांना द्यायची तेवढीच.

वैशाखात एकदा गाड्या भरून पाहुणे आले, आमचा चारा बघायला. सगळे भाऊजींभोवती जमले. "गायरान सगळ्याईचं हाये, हा विचार पहिले मीच मांडला," ते सांगत होते, आणि खोटं नव्हतं ते. मग पाण्याचं नियोजन कसं केलं, कोवळ्या ज्वारीचा धोका गावाला कसा समजावला, सगळं सांगितलं. पाहुणे मान डोलवत होते. एक बाई त्यांचा फोटो काढत होती. फोटोत मागं वाकून कापणाऱ्या आम्ही दोघी आलो असू, आलो असलो तर पाठीच आल्या असतील.

"बाई," मी जावेला हळूच म्हणाले, "आइका, तुमचे मालक काय सांगून राह्यले."

तिनं वर बघितलं नाही. एक मूठ कापली, बाजूला ठेवली.

"सांगू दे," ती म्हणाली. "पाह्यजेन तितकं सांगू दे. पाणी आता कोणी तोडत नाई ना." थोडं पुढं सरकली. मग थांबली, विळा हातातच. "तिले मी नाव बी नव्हतं ठेवलं वो अजून. म्हटलं, दूध द्याले लागली का ठेवीन."

बांधावर तिची म्हैस उभी होती. नव्यानं गाभण होती, अंग भरलं होतं. जावेनं कापलेली मूठ उचलली आणि न बघताच तिच्याकडे फेकली. तिकडे कुणीतरी टाळ्या वाजवल्या, भाषण संपलं असावं. आम्हाला अजून पाटापर्यंतचा तुकडा कापायचा होता, ऊन चढायच्या आत.